ड्यूकच्या वाढदिवशी ब्राँक्समध्ये

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं डब्ल्यूकेसीआर नावाचं रेडिओ स्टेशन आहे. विद्यार्थीच चालवतात. दरवर्षी २९ एप्रिलला तिथे चोवीस तास फक्त जाझचा पियानोवादक, रचनाकार आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन लागतो, कारण १८९९ साली त्या तारखेला वॉशिंग्टनमध्ये तो जन्मला. मी तेव्हा भाचीकडे जर्सी सिटीला होतो. पुतळा, संग्रहालय, फेरीबोट सगळं उरकलं होतं, आणि तारीख तर चालून आलेली. भाचीने सुट्टी काढायची तयारी दाखवली, पण ड्यूकची कबर बघायला जायचंय म्हटल्यावर तिला अचानक मीटिंग आठवली. मग मी एकटाच, कानात रेडिओ लावून निघालो.

आधी त्याचं घर. हार्लेमकडे जायचं तर भुयारी रेल्वेच्या ए ट्रेननेच. १९३८च्या डिसेंबरात पिट्सबर्गमध्ये बिली स्ट्रेहॉर्न हा तरुण पियानिस्ट एलिंग्टनला भेटला. ड्यूकने त्याला न्यूयॉर्कला बोलावलं आणि घरी कसं यायचं ते सांगितलं. पठ्ठ्याने त्या पत्त्याचंच गाणं केलं, ‘टेक द ए ट्रेन’. १९४१ साली रॉयल्टी गोळा करणाऱ्या संघटनेचं आणि रेडिओवाल्यांचं भांडण पेटलं. एलिंग्टन त्या संघटनेचा सभासद, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या रचना रेडिओवर बंद झाल्या. बँडला घाईघाईने नवा माल हवा होता, आणि सभासद नसलेल्या स्ट्रेहॉर्नकडे तो होता. जन्मभर बँडची ओळख म्हणून वाजली ती धून अशी भांडणात पुढे आली.

१४५व्या रस्त्यावर उतरून सेंट निकोलस अव्हेन्यूने चढ चढत गेलो. ९३५ नंबरच्या इमारतीत, ४ए फ्लॅटमध्ये, एलिंग्टन १९३९ ते १९६१ राहिला. इमारत राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलेली आहे, पण आत लोकांचे संसार चालू. एक बाई किराण्याच्या पिशव्या घेऊन बाहेरून आल्या. मला फोटो काढताना पाहून ‘ड्यूक?’ एवढंच म्हणाल्या आणि मी मान हलवताच दार लावून घेतलं. रोजची कटकट असणार.

तिथून उलटं येऊन डी गाडीने यँकी स्टेडियम, मग चार नंबरची गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत. ब्राँक्समधलं वुडलॉन. स्टेशनाजवळच्याच फाटकातून आत गेलं की ४०० एकरांचं कब्रस्तान पसरलेलं. नकाशा आधीच घेऊन ठेवलेला बरा, नाहीतर तीन लाखांहून जास्त माणसांत एक शोधत संध्याकाळ होईल. मॅग्नोलिया फुललेले, गवत नुकतंच कापलेलं, आणि वारा असा की स्वेटर असूनही हात खिशातच.

‘जाझ कॉर्नर’ म्हणतात तो कोपरा म्हणजे एक अख्खा बँडच आहे. लायोनल हॅम्प्टन, इलिनॉय जॅके, मॅक्स रोच. माइल्स डेव्हिसचा काळा चकचकीत दगड लांबूनच लक्ष वेधतो. त्यावर ट्रम्पेट कोरलाय, ‘सोलर’ या धुनेच्या सुरुवातीची स्वरलिपीसुद्धा, आणि नावामागे ‘सर’! एलिंग्टनची जागा समोरच आहे. दोन उंच दगडी क्रूस, मोठं झाड, आणि जमिनीलगतची साधी पाटी. सगळा थाट माइल्सचा. ‘ड्यूक’ ही उमरावाची पदवी मात्र, शाळकरी वयात मित्रांनी दिलेली, इकडे या साध्या पाटीवर.

पाटीवर कुणीतरी पंचवीस सेंटचं नाणं ठेवलं होतं. २००९ साली वॉशिंग्टन शहराच्या नावाने निघालेलं, पियानोजवळ बसलेल्या एलिंग्टनची छबी असलेलं. चारपाच मंडळी जमली होती. ट्रॉम्बोनची पेटी पाठीला लावलेला एक मुलगा, एक जपानी जोडपं, आणि लोकरीची टोपी घातलेले एक आजोबा. आजोबांच्या पिशवीत छोटा स्पीकर होता, त्यावरही तेच स्टेशन. मी कानातून रेडिओ काढला.

मला वाटलं होतं, लोक गप्प उभे राहतील. छे! कडाक्याचा वाद चालला होता. मुलाचं म्हणणं, १९४०चा बँडच खरा, कारण त्यात बासवर जिमी ब्लँटन होता आणि टेनर सॅक्सोफोनवर बेन वेब्स्टर. आजोबा म्हणाले, “आणि ५६ साल काय झोपेत गेलं?” गंमत म्हणजे, ड्यूकच्या कबरीपाशी उभं राहून कुणी ड्यूकचं नावच घेत नव्हतं. जॉनी हॉजेस, कूटी विल्यम्स, बबर मायली, हॅरी कार्नी, सगळी त्याच्या वादकांचीच नावं. पण तेच बरोबर आहे. एलिंग्टनच्या हस्तलिखितांत जागोजागी वाद्याच्या जागी वादकाचं नाव किंवा टोपणनाव दिसतं. संगीत नाटकात नटाचा गळा बघून पद बांधायचे, तसा तो माणूस बघून सुरावट बांधायचा. बबर मायली ट्रम्पेटमधून गुरगुरायचा, म्हणून ते गुरगुरणं रचनेत आलं. कार्नीचा बॅरिटोन सॅक्सोफोन असा भरदार की तळाचा स्वर त्याच्याकडे निर्धास्त सोपवता यायचा. तो १९२७ साली आला आणि शेवटपर्यंत टिकला. गावोगावच्या दौऱ्यांत ड्यूक बँडच्या बसने जायचा नाही. कार्नी गाडी चालवायचा, ड्यूक शेजारी बसायचा.

आजोबांचं ५६ साल म्हणजे न्यूपोर्टचा जलसा. तेव्हा एलिंग्टनला जुना झाला म्हणून लोकांनी मोडीत काढलं होतं. ७ जुलैच्या रात्री, कार्यक्रम संपत आलेला, लोक उठून निघालेले, आणि टेनर सॅक्सोफोनवाला पॉल गोन्साल्व्हिस सुटला तो सलग २७ आवर्तनं वाजवत राहिला. लोक खुर्च्यांवर उभे राहिले, नाचू लागले. पुढच्याच महिन्यात ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर ड्यूक. आडनाव ऐकून आपल्याला गोवा आठवणारच. पॉलचं घराणं आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांचं, पण आडनाव पोचवणारं गलबत तेच, पोर्तुगीजांचं.

या गोन्साल्व्हिसचा शेवट आजोबांनीच काढला. तो १५ मे १९७४ला लंडनमध्ये वारला. ड्यूक तेव्हा न्यूयॉर्कच्या इस्पितळात फुफ्फुसाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला. मुलाने, मर्सरने, बातमी बापाला कळूच दिली नाही. २४ मेला ड्यूकही गेला. त्याच आठवड्यात बँडचा जुना ट्रॉम्बोनवादक टायरी ग्लेन गेला होता, आणि काही काळ तिघांचेही देह न्यूयॉर्कच्या एकाच अंत्यविधीगृहात होते. कार्नी त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला. सांगताना आजोबांनी स्पीकरचा आवाज कमी केला होता. तो वाढवला आणि मला विचारलं, कुठून आलात?

मुंबई म्हटल्यावर त्यांनी पहिलं काय विचारावं? “१९६३ला ऐकलंत?” मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण अमेरिकन परराष्ट्र खात्याने त्या वर्षी बँड पश्चिम आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवला होता, आणि मुंबईतही तो वाजला. दिल्लीत ड्यूक आजारी पडून इस्पितळात गेला. पुढे अंकारात असताना केनेडींच्या हत्येची बातमी आली आणि दौरा तिथेच आवरला. त्यातून ‘फार ईस्ट स्वीट’ ही तुकड्यांची मालिका निघाली. त्यात दिल्लीच्या मैनेची शीळ जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर आहे, आणि ‘आग्रा’ हा तुकडा ताजमहालाचा, तो अर्थातच कार्नीचा. संगमरवराला बॅरिटोन देणं कुणाला सुचलं असतं? मुंबईला मात्र हा आवाज नवा नव्हता. तीसच्या दशकात ताज हॉटेलात लिऑन अ‍ॅबीसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन बँडवाले वाजवून गेले होते, आणि आमच्या गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त दिसतो. हे मी सांगितलं तेव्हा ट्रॉम्बोनवाल्या मुलाने फोन काढून नाव टिपून घेतलं.

परतताना सेंट जॉन द डिव्हाइन या चर्चला गेलो. २७ मे १९७४ला इथे अंत्यविधीला १२,००० हून अधिक लोक आले आणि एला फिट्झजेराल्ड गायली. १९६८ साली याच चर्चमध्ये त्याची दुसरी ‘सेक्रेड कॉन्सर्ट’, म्हणजे धार्मिक संगीताची मैफल, पहिल्यांदा झाली होती. हार्लेमच्या ज्या कॉटन क्लबमुळे तो १९२७ नंतर गाजला, तिथे वाजवणारे काळे आणि ऐकणारे फक्त गोरे. आणि १९६५ साली परीक्षकांनी शिफारस करूनही पुलित्झर मंडळाने त्याला सन्मान नाकारला. तो मिळाला १९९९ला, मेल्यावर पंचवीस वर्षांनी. आपल्याकडेच असं होतं असं नाही.

शेवटी सेंट्रल पार्कच्या टोकाला, पाचवा अव्हेन्यू आणि ११०वा रस्ता मिळतात तिथे, रॉबर्ट ग्रॅहमने केलेला १९९७चा पुतळा पाहिला. पंचवीस फूट उंच. नऊ विवस्त्र कलादेवता डोक्यावर मंच तोलून धरतात, त्यावर पियानो आणि शेजारी ड्यूक उभा. काम देखणं आहे, नाही कशाला म्हणू. पण मला पटलं नाही. नऊ देवतांऐवजी खाली सॅक्सोफोनवाल्यांच्या पाच खुर्च्या मांडल्या असत्या, टोकाला कार्नी, तर ब्राँक्समधल्या त्या मंडळींना निदान भांडायला जागा झाली असती.