वेष्टनावर शिरोरेघ, आत अक्षरं : एका बँडच्या लोगोचं आणि अल्बमचं काम

बँडचं नाव इथे लिहीत नाही. अल्बम अजून बाहेर पडायचा आहे आणि नाव जाहीर करण्याचा मान त्यांचा आहे. एवढं सांगते की नाव तीन अक्षरी आहे, त्यात 'ग' आहे, 'ल' आहे, आणि बँडमधले चौघंही बडोद्याचे मराठी. घरात मराठी, गल्लीत गुजराती, अशी वाढलेली मुलं. त्यांची गाणीही तशीच आहेत. एखादं गाणं जात्यावरच्या ओवीच्या चालीवर सुरू होतं आणि अंतऱ्याला गरब्याचा ठेका धरतं.

त्यांना लोगो हवा होता, सीडीचं वेष्टन हवं होतं आणि मोबाइलवर दिसणारं मुखपृष्ठ हवं होतं. सगळं फोनवर ऐकायला मिळत असताना सीडी कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. कार्यक्रम संपला की लोक स्टेजपाशी येतात, बोलतात, आणि त्यांना हातात काहीतरी घेऊन जायचं असतं. ३०० प्रती काढायच्या ठरल्या.

पहिल्या बैठकीतच मी सांगितलं की लोगो आणि मुखपृष्ठ ही दोन वेगळी कामं आहेत. मुखपृष्ठ त्या एका अल्बमचं असतं, पुढच्या अल्बमला ते बदलेल. लोगो बँड आहे तोवर राहणार. त्यांच्याकडे कल्पना भरपूर होत्या: लक्ष्मी विलास राजवाडा, वडाच्या पारंब्यांची गिटार, पगडी घातलेला ढोलकीवाला. मी सगळ्यांना नाही म्हटलं. राजवाडा पाहून बँड कुठला ते कळतं, पण तो वाजवतो कसा ते कळत नाही. लंडनच्या रोलिंग स्टोन्स या बँडचा लोगो, ती लाल जीभ, जॉन पॅश नावाच्या तरुणानं १९७० मध्ये, कला महाविद्यालयात शिकत असताना काढली. त्या चित्रात लंडन कुठेही नाही, आणि ते अजून चालतंय. गायिका थोडी खट्टू झाली. "मग ताई, आमचं बडोदं त्यात येणारच नाही?" असं तिनं विचारलं. येईल, पण इमारतीच्या रूपात येणार नाही, असं मी म्हटलं. त्या वेळी ते नेमकं कसं येईल हे ठरलेलं नव्हतं, पण यायला हवं याची खात्री होती.

मग गाणी ऐकली, पुन्हा पुन्हा ऐकली. एका गाण्यात मराठी ओळ संपते, ताल न मोडता, श्वासाच्या जागी, आणि त्याच सुरावर गुजराती ओळ सुरू होते. भाषा बदलल्याचं कानाला क्षणभर जाणवतही नाही. मला लोगोत नेमकं हेच हवं होतं. बडोद्यात वाढलेल्या माणसाला यावरचं उत्तर दुकानांच्या पाट्यांवर रोज दिसतं. गुजराती लिपीला शिरोरेघ नसते. 'ग', 'म', 'न', 'त', 'प', 'र', 'स' या अक्षरांवरची रेघ काढून टाकली की गुजराती वाचणारा ती आपली म्हणून वाचतो. 'क', 'ज', 'ब' असं जमू देत नाहीत, त्यांची वळणं पार निराळी आहेत. यांच्या नावात तसं एकही अक्षर नव्हतं. म्हणजे रेघ असली की मराठी आणि रेघ उचलली की गुजराती!

कल्पना सुचणं सोपं होतं, अक्षरं काढणं सोपं नव्हतं. आधी तयार फॉन्ट लावून पाहिले, तर 'ल' आडवा आला. बहुतेक देवनागरी फॉन्टांत 'ल' आपोआप हिंदी वळणाचा येतो. मराठी 'ल', दोन गोल पाकळ्यांचा, फॉन्टात घातलेला असला तरी मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय सहसा बाहेर येत नाही. आणि इथे तर मराठी 'ल'च हवा होता, कारण गुजराती 'ल' त्याच्या अगदी जवळचा आहे. हिंदी वळणाचा 'ल' रेघेविना उभा केला तर दोन्हीकडचा वाचणारा अडखळतो. मी फॉन्ट बाजूला ठेवले आणि बोरू घेतला.

बोरूनं लिहिताना दिसलं की खरा प्रश्न 'ग'चा आहे. 'ग'चे दोन तुकडे असतात, डावीकडची वळलेली काठी आणि उजवीकडचा दांडा. देवनागरीत त्यांना रेघ बांधून ठेवते. रेघ गेली की दांडा सुटतो आणि पुढच्या अक्षराला जाऊन चिकटल्यासारखा दिसतो, कान्यासारखा. म्हणून 'ग'च्या पोटातली जागा दोन अक्षरांमधल्या जागेपेक्षा स्पष्टपणे कमी ठेवावी लागली. रेघेखाली मात्र हेच अंतर जरा दाटीवाटीचं वाटतं. दोन्ही अवस्थांत बरी दिसेल अशी जागा शोधत मी केसाएवढी सरकासरक करत बसले. दुसरी गोष्ट दांड्यांच्या टोकांची. देवनागरीचा दांडा खाली सरळ संपतो, गुजरातीचा उजवीकडे किंचित वळतो. पूर्ण वळवला तर रेघ लावल्यावर अक्षर परकं दिसतं, सरळ ठेवला तर रेघ काढल्यावर अर्धवट. मी टोकाला अगदी थोडा बाक दिला, बोरू उचलताना हात जेवढा आपसूक वळतो तेवढाच. या बाकावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे.

बँडला दाखवण्याआधी बाहेरच्या माणसांना दाखवायचं ठरवलं. ज्यांनी नाव ऐकलेलंच नाही अशांनी ते वाचलं पाहिजे. खंडेराव मार्केटात भाजीवाल्यांपुढे रेघ नसलेला कागद धरला. त्यांनी भाजी तोलता तोलता नाव वाचून टाकलं. दांडिया बाजारात नात्यातल्या मंडळींना रेघ असलेला दाखवला, त्यांनाही काही विचारावं लागलं नाही. उलटसुलट दाखवल्यावर मराठी माणसांनी रेघ नसलेलाही वाचला, आपण घाईत लिहितो तेव्हा रेघ कुठे देतो? ड्रमवाल्याला मात्र शंका होती की हे फार साधं आहे, टी-शर्टवर उठून दिसणार नाही. मी लोगो नखाएवढा छापून आणि मग भिंतीएवढा प्रोजेक्टरवर टाकून दाखवला. नखाएवढ्यातही तिन्ही अक्षरं सुटी राहिली. मग तो काही बोलला नाही.

आता वेष्टन. रेघ येते-जाते ही गोष्ट छापील वस्तूत दाखवायची कशी? उत्तर जुन्या तबकड्यांपाशी सापडलं. बडोदं गाण्याचं गाव आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली. फैयाजखाँसाहेब इथल्या दरबारचे गवई, आणि १९५० मध्ये ते गेले तेही इथेच. त्या काळच्या तबकड्या जुन्या घरांत अजून सापडतात, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. त्या ज्या साध्या कागदी पाकिटात यायच्या, त्याच्या मधोमध गोल भोक असायचं, आतल्या तबकडीचं लेबल वाचता यावं म्हणून. रंगीत चित्रांची वेष्टनं नंतरची. ती रीत अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४० च्या सुमारास पाडली. मला मात्र ते भोकच हवं होतं. बाहेरच्या म्यानाला खिडकी, खिडकीच्या वर शिरोरेघ, आणि आतल्या पाकिटावर नुसती अक्षरं. म्यानात असताना नाव मराठी, पाकीट ओढून काढलं की गुजराती. लोगो आणि वेष्टन एकच झाले.

कागदाची डमी कापून, चिकटवून केली तेव्हा ती झकास दिसली. हातानं कापलेली डमी नेहमीच झकास दिसते. खरी परीक्षा छापखान्यात. लग्नपत्रिका छापणाऱ्या एकानं खिडकी 'साधारण तिथेच' येईल असं सांगितलं, त्यामुळे तिथून निघाले. बडोद्यात औषधांचा धंदा जुना, अलेम्बिक ही औषध कंपनी १९०७ ची. औषधांची खोकी करणारे छापखाने इथे आहेत आणि खोक्यांच्या डायकटिंगमध्ये, म्हणजे पुठ्ठा साच्यानं कापण्यात, त्यांचा हात बसलेला असतो. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, असा एक छापखाना मिळाला. मालकांनी डमी हातात घेतली, पाकीट दोनदा आत-बाहेर सरकवलं आणि म्हणाले, "बेन, आ लाइन खसशे." म्हणजे, ताई, ही रेघ सरकणार.

ते बरोबर बोलत होते. पाकीट म्यानात सहज सरकायला हवं तर आत साधारण एक मिलिमीटर मोकळीक द्यावीच लागते. त्यात डाय थोडी इकडेतिकडे होते, क्रीझ, म्हणजे घडीची खूण, थोडी हलते. कधी अक्षरं रेघेपासून सुटणार, कधी रेघेत घुसणार. रेघेपासून सुटलेलं अक्षर म्हणजे दोरीवरून खाली पडलेलं धुणं. मोकळीक कमी केली असती तर पाकीट ओढताना खिडकीचा कोपरा फाटला असता. आम्ही त्यांच्या टेबलावर बसून असं ठरवलं: खिडकीची वरची कड हीच रेघेची खालची कड. रेघ त्या कडेला लागून चांगली चार मिलिमीटर जाड. आणि आतल्या अक्षरांचे दांडे वर दोन मिलिमीटर वाढवायचे, ते म्यानाच्या पुठ्ठ्याखाली दडून राहतील. आता पाकीट किंचित वर-खाली झालं तरी अक्षर रेघेला टेकलेलंच राहतं, फार तर केसभर उंच किंवा ठेंगणं दिसतं. बाहेर काढल्यावर दांडे थोडे उंच वाटतात, पण गुजरातीत ते शोभतात. खालचा तो बाक त्यामुळे आणखी खुलला. या माणसानं डमी नुसती सरकवून पाहिली आणि दोष सांगितला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

कागदाचं लवकर मिटलं. म्यान तपकिरी क्राफ्ट बोर्डाचं, पाकीट ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, पांढऱ्या बोर्डाचं. क्राफ्ट शाई पितो, रंग मळकट होतात, म्हणून म्यानावर चित्र नाहीच, फक्त काळी रेघ, आणि तीही स्क्रीनप्रिंटनं, दाट बसावी म्हणून. कुणीतरी सोनेरी फॉइल सुचवलं होतं. लग्नपत्रिका वाटली असती. बोर्डाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, घडीच्या दिशेनं घ्यायला मात्र मी लेखी सांगितलं, आडवा घेतला तर घडीवर तडे जातात.

आत श्रेयनामावली. मराठी गाण्यांचे शब्द देवनागरीत, गुजराती गाण्यांचे गुजरातीत, दोन्ही समोरासमोर. १२० मिलिमीटरच्या तबकडीला मापात बसेल एवढ्या पाकिटावर हे सगळं मावायला अक्षर बारीक करावं लागतं. काळ्यावर पांढरं केलं असतं तर बारीक अक्षरांच्या रेषा शाईनं बुजल्या असत्या, म्हणून पांढऱ्यावर काळंच ठेवलं.

डिजिटल मुखपृष्ठाला म्यान नाही. तिथे ३००० × ३००० पिक्सेलचा एक चौकोन, आणि तो दिसणार फोनवर बोटाच्या पेराएवढा. तिथे मी रेघ अक्षरांच्या थोडी वर, तिरकी, उचलली जात असल्यासारखी ठेवली. फट किती ठेवायची यावर गिटारवाल्याशी माझा चांगलाच वाद झाला. त्याला नाजूक हवी होती. पण नाजूक फट फोनवर दिसतच नाही, रेघ नुसती वाकडी छापल्यासारखी वाटते. शेवटी मोठी ठेवली आणि त्यालाही फोन हातात घेतल्यावर पटलं.

तरुण डिझायनरांसाठी आणि तरुण बँडांसाठीही हक्कांबद्दल सांगायलाच हवं. ओळखीतलं काम म्हणून कागद न करणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरनं लोगो काढला तर, नुसते पैसे दिल्यानं त्याचा हक्क बँडकडे जात नाही. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. ज्या बँडचं अर्धं गणगोत अमेरिकेत आहे त्याला हे कसं परवडेल? आम्ही मुदत कायमची आणि प्रदेश सगळ्या जगाचा, असं स्पष्ट लिहिलं. माझं नाव श्रेयनामावलीत राहील हेही लिहून घेतलं. ट्रेडमार्कसाठी त्यांनी वर्ग ९ आणि वर्ग ४१ मध्ये अर्ज करावा असं मी सुचवलंय. पहिल्यात ध्वनिमुद्रणं येतात, दुसऱ्यात करमणुकीचे कार्यक्रम.

फाइली देताना लोगोचे दोन्ही अवतार दिले, रेघेसह आणि रेघेविना, आणि कुठे कोणता वापरायचा ते एका पानावर लिहून दिलं. मराठी कार्यक्रमाच्या पत्रकावर कोणता, नवरात्रातल्या फलकावर कोणता, हे त्यांनी आपापल्या मनानं ठरवायला माझी हरकत नाही. फक्त दोन्ही शेजारी शेजारी छापायचे नाहीत, एवढी एकच अट घातली. सध्या बास ड्रमच्या पुढच्या पडद्याचं काम चाललंय. तो २२ इंची आणि गोल, त्यामुळे रेघ कडेपर्यंत न्यायची की अलीकडे थांबवायची ते ठरायचं आहे. ड्रमवाल्याला कडेपर्यंत हवी आहे, आणि या वेळी मला त्याचं पटतंय.