चार सायकली, एक कॉलम : तिसरी नोंद

मंडळी, गेल्या वेळी म्हटलं तसे घरात सायकली टांगायला हुक लावले. आणि एक पडलाही.

माझी १५ किलोची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाइक, घरातल्या पॅसेजमध्ये टांगली होती. चौथ्या रात्री धाडकन आवाज! हुक, त्याला भिंतीत धरणारा फास्टनर आणि ओंजळभर पांढरा भुगा जमिनीवर. शेजारचे काका बनियनवर धावत आले, "अहो, सिलिंडर का?" चूक सर्वस्वी माझी. आमच्या आतल्या भिंती सिपोरेक्सच्या. ब्लॉक हलका, पोटात हवेची छिद्रं. त्यात लोखंडी फास्टनर आवळला की तो फुगतो आणि भोवतालचा ब्लॉकच चुरतो. ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं गेलं तेव्हाच कळायला हवं होतं, पण तेव्हा मी स्वतःच्या हातावर खूश होतो. खूण साधी: भुगा लाल आला तर वीट, राखाडी आला आणि ड्रिल किंचाळलं तर काँक्रीट.

आता दोन हुक हॉलच्या आरसीसी कॉलमवर, १० मिमीच्या भोकात ८ मिमीचे बोल्ट. पहिलं भोक सळईवर आपटलं, बाजूला सरकावं लागलं. एक हुक दुसऱ्यापेक्षा फूटभर वर, नाहीतर हँडलं एकमेकांत अडकतात. लेकीची २० इंची मात्र जमिनीवर स्टँडलाच. तिला स्वतः काढता आली नाही, तर ती चालवणारच नाही.

बायकोच्या हायब्रिड सायकलला हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आहेत. पुढचं चाक वर करून आठवडाभर उभी टांगली आणि रविवारी सिंहगडाला निघताना पुढचा ब्रेक मऊ! तेलात राहिलेली हवा वर कॅलिपरकडे, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या चिमट्याकडे चढली होती. दोन्ही चाकांवर जमिनीवर ठेवून लिव्हर दाबत बसलो, तेव्हा ताठ झाला. घाटातून उतरताना कळलं असतं तर काय, हा विचार बायकोने पूर्ण करू दिला नाही. ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा काढणं, बाकी आहे, तोवर ती सायकल जमिनीवर.

बाबांची काळी सायकल खाली पार्किंगमध्येच. इतके दिवस केबल लॉकने पीव्हीसीच्या पाइपाला बांधलेली होती, म्हणजे कुलूप फक्त मनाच्या समाधानाला. आता जमिनीत रोवलेल्या लोखंडी कडीला यू-लॉक, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही धरून. चारही सायकलींच्या फ्रेमवर कोरलेल्या नंबरांचे फोटो काढले. तीन सायकलींचे पॅडलच्या धुऱ्याखाली, बाबांच्या सायकलीचा सीटच्या नळीवर, गंजाखाली.

कॉलमवर टायरचे काळे ठसे उमटलेत. ॲक्रिलिकची पट्टी आणलीय, घरच्यांच्या नजरेस पडण्याआधी लावायची आहे.