पामर ते पीव्हाइन: गोट्यांवर उतरताना टायर कसे वाचवायचे

अलास्कातल्या पामरहून क्निक नदीचं पात्र, मग चिटिना, मॅकार्थी आणि शेवटी रँगल-सेंट इलायस राष्ट्रीय उद्यानातली चिटिस्टोन नदीकाठची पीव्हाइन ही कच्ची धावपट्टी, असा हा जुलैमधला मार्ग. विमान सुपर कब हे छोटं दोन आसनी, पुढची चाकं ३१ इंची बुशव्हील, म्हणजे कच्च्या जागी उतरण्यासाठीचे मोठे, कमी हवेचे टायर, आत दोन माणसं आणि तंबूसकट सामान. याच वाटेने जाणाऱ्यांसाठी टायरांपुरतं लिहितो आहोत.

बुशव्हीलचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. दगडावर ते दबतं, डांबरावर मात्र भराभर झिजतं. पामरला डांबरी धावपट्ट्यांशेजारी खडीची छोटी पट्टी आहे, तीच वापरावी.

सगळा खेळ हवेचा आहे. मोटारीचं गेज इथे कामाचं नाही, ० ते १५ पीएसआयचं (दर चौरस इंचाला पौंड) घ्या. उत्पादकाचा तक्ता आधी पाहायचा. सामानासकट ८ हा आरंभाला बरा आकडा. हवा जास्त असली की टायर दगडाला कवेत घेत नाही, त्यावर उडतो आणि कपचीची धार रबरात शिरते. फार कमी असली तर रिम दगडावर आपटतो, किंवा आडव्या झटक्याने टायरची कड रिमवरून सुटते. ट्यूबवाला ८.५०-६ मापाचा टायर असेल तर आणखी एक धोका: कमी हवेत ब्रेक दाबला की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून कापला जातो. टायर आणि रिम दोन्हींवर जाईल अशी लाल रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की टायर सरकला आहे.

उंचीचा हिशेब बरेच जण विसरतात. समुद्रसपाटीला ८ भरलेला टायर ५,००० फुटांवर, थंडी धरूनही, पावणेदहाच्या आसपास दाखवतो, कारण बाहेरच्या हवेचा दाब उतरलेला असतो. वर हवा सोडून ८ केलीत, तर खाली आल्यावर सव्वासहाच उरते. म्हणून पंप विमानातच हवा.

क्निकच्या पात्रात गोटे घासून गोल झालेले आहेत. सरावाला ही जागा उत्तम. हिमनदीच्या तोंडाशी मात्र ताज्या फुटलेल्या, धारदार कपच्या असतात, तिथे उतरू नये. आधी खालून एक फेरी मारा, दुसऱ्या फेरीत चाकं हलकेच टेकवत न्या आणि पुन्हा उठा. चाकोरी किती खोल उमटली ते वरून दिसतं. लिंबाएवढे गोटे चालतात, मुठीएवढ्यांवर जपून, नारळाएवढे दिसले तर ती जागा सोडा. उन्हाच्या दिवशी बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं आणि सकाळी लांब असलेला पट्टा आखूड होतो.

ताशी ४५ ऐवजी ५५ मैल वेगाने टेकलात तर दगडाला भिडणारी ऊर्जा जवळजवळ दीडपट होते. त्यामुळे शक्य तितकं हळू टेका आणि ब्रेकला हात न लावता विमान आपोआप थांबू द्या. एक चाक जखडून जागच्या जागी वळणं सर्वांत वाईट. टायरची बाजू त्यानेच फाटते. वळायचं तर मोठा घेर घ्या, किंवा उतरून शेपूट उचलून फिरवा.

पीव्हाइनला निघताना चाकांपुढचे आणि नाकावरच्या पंख्याखालचे (प्रोपेलरखालचे) सुटे दगड हाताने वेचा. उभ्याने इंजिन तापवू नका. पंखा दगड ओढून मागे फेकतो, ते शेपटीच्या चाकावर आदळतात. या चाकाकडे फारसं कोणी पाहत नाही, आणि खोळंबा बहुधा तिथेच होतो.

सोबत पंक्चरच्या स्ट्रिपा, रबर सोल्यूशन, पॉलिश पेपर, हातपंप आणि छोटा जॅक ठेवा. जॅकखाली फळी हवीच, नाहीतर तो वाळूत रुततो. दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून दगड लावून मगच एक्सलजवळ उचला. १६ ग्रॅमच्या गॅस कार्ट्रिजमधून जेमतेम ८-९ लिटर वायू निघतो. एवढ्या मोठ्या पोटाच्या टायरला तो काहीच नाही. सायकलच्या पंपाने कितीतरी ठोके मारायची तयारी ठेवा. स्ट्रिप फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागात टिकते. बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते, तिथली स्ट्रिप निसटते. अशी दुरुस्ती बाहेर पडण्यापुरतीच धरायची; पामरला परतल्यावर चाक काढून टायर आतून मेकॅनिकला दाखवा.