समुद्रातलं क्लॅपम जंक्शन

परवा घरातलं लोखंडी कपाट सरकवायचं होतं. तिघांनी जोर लावला तरी जागचं हलेना. शेवटी खाली दोन नळ्या घातल्या, तसं ते मुकाट चालू लागलं. तेव्हापासून डोक्यात स्कॉटलंडच्या दीपगृहांची रेल्वे घोळतेय.

बेल रॉक हा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथ गावापासून साधारण १८ किलोमीटरवरचा, समुद्रातला खडक. भरतीला दोन पुरुष पाण्याखाली, ओहोटीला थोडा वेळ डोकं वर. १८०७ मध्ये रॉबर्ट स्टीव्हन्सनने तिथे दीपगृहाचं काम काढलं. (रेल्वेवाला रॉबर्ट स्टीफन्सन तो निराळा, त्याच्या कारखान्यातलं 'रॉकेट' हे वाफेचं इंजिन धावायला अजून वीसेक वर्षं होती.) किनाऱ्यावर घडवलेले अवजड चिरे होडीतून उतरवून शेवाळलेल्या, खाचखळग्यांच्या खडकावरून न्यायचे. कोपरा उडाला की चिरा शेजारच्या खाचेत बसायचा नाही. म्हणून त्याने बिडाचे रूळ टाकले. खडक उंचसखल, तेव्हा रुळांचे पायही आखूड-लांब. इंजिन नव्हतंच, गाड्या ढकलायला माणसं. पाणी चढलं की सगळी रेल्वे बुडाली! १८११ च्या फेब्रुवारीत दिवा लागला. इमारत झाल्यावर परांची उतरवतात, ही रुळांची परांची मात्र तशीच राहिली. ओहोटीला तिचे तुकडे अजून दिसतात.

माझा जीव मात्र स्कॉटलंडच्याच पश्चिमेकडच्या फ्लॅनन बेटांवरच्या रेल्वेवर. तिथलं दीपगृह १८९९ मध्ये उजळलं. धक्के दोन, एक पूर्वेला, एक पश्चिमेला; लाटा जिकडे कमी, तिकडे होडी लावायची. दीपगृहाशेजारच्या शेडमध्ये छोटं वाफेचं इंजिन, त्याला तारेचा दोर आणि दोराला चार चाकांची चिमुकली गाडी. गाडीत रॉकेल आणि शिधा. वळणावर दोर भरकटू नये म्हणून रुळांच्या मधोमध कप्प्या, आणि कप्पीवरून निसटलाच तर अडवायला बाजूला खुंट. दोन्ही धक्क्यांचे रूळ जिथे मिळत, त्या जागेला रखवालदार 'क्लॅपम जंक्शन' म्हणायचे. लंडनचं ते गजबजलेलं स्टेशन! इथे अख्ख्या बेटावर माणसं तीन.

त्या तिघांचीच गोष्ट जग सांगतं: १९०० च्या डिसेंबरात ते नाहीसे झाले, पुन्हा सापडले नाहीत. भुताखेतांपासून समुद्री राक्षसापर्यंत सगळं सांगून झालंय. तपासाच्या अहवालातली एक साधी नोंद मात्र मला जास्त हादरवते. पश्चिम धक्क्याच्या वाटेवरचे लोखंडी रूळ काँक्रीटमधून उपटले गेले होते. लाटेला हात असते तर तिने ते असेच पिळले असते.

पुढे १९६० च्या दशकात रूळ काढले, खालची काँक्रीटची वाट तेवढी ठेवली आणि तिच्यावरून एक तीनचाकी गाडी धावू लागली. तिचं नाव 'नॅट', म्हणजे चिलट. १९७१ मध्ये दिवा आपोआप लागायला लागला, रखवालदार परतले आणि चिलटालाही काम उरलं नाही.