घर लागलं का?

आम्ही डोंबिवलीहून दापोली तालुक्यातल्या एका गावात राहायला आलो त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी फोन असो की लग्नकार्य, ओळखीची माणसे खुशाली विचारून झाली की हमखास म्हणतात, "लागलं का घर?" ज्यांना आमच्या पहिल्या दोन वर्षांची हकिगत ठाऊक आहे, ती त्यापुढे आवाज थोडा खाली आणून विचारतात, "एवढं सगळं झाल्यावर परत यावंसं नाही का वाटलं?" मी बहुधा "हो, लागलं" एवढेच सांगते, कारण खरे उत्तर द्यायचे तर विहिरीपासून कौलांपर्यंत सगळे सांगावे लागते आणि तेवढा वेळ दोघांपैकी कोणापाशी नसतो. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेत म्हणून ते आज लिहिते आहे.

घर आमच्या वाडवडिलांचे नव्हे. मुंबईत स्थिरावलेल्या एका कुटुंबाकडून आम्ही ते विकत घेतले. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे ओटी, तिच्या मागे माजघर, दोन्ही अंगांना एकेक खोली, शेवटी स्वयंपाकघर आणि पडवी, आणि परसात चिऱ्यांनीच बांधून काढलेली विहीर. मी शाळेतून आणि यजमान नोकरीतून निवृत्त झाल्यावर, जानेवारी २०२० मध्ये, एक टेम्पो भरून सामान घेऊन आम्ही इथे आलो आणि पहिल्या तीन आठवड्यांत मी घर लावून मोकळी झाले. ते मी तिथल्या दोन खोल्यांच्या सवयीने लावले होते. तिथे इंच न् इंच जागा मोलाची, त्यामुळे कपाट भिंतीला घट्ट चिकटवायचे, पलंगाखाली खोकी सरकवायची, कोपरा म्हणून रिकामा राहू द्यायचा नाही, हे हाताला इतके बसलेले होते की इथे जागा ऐसपैस असूनही मी प्रत्येक वस्तू भिंतीशी नेऊन टेकवली.

फेब्रुवारीच्या अखेरीस लाकडी कपाटाचा खालचा कप्पा उघडला, तेव्हा आत मातीच्या बारीक बारीक नळ्या दिसल्या. वाळवीने कपाटाची पाठ पोखरली होती आणि आईच्या हस्ताक्षरातली पदार्थांची वही खालच्या अर्ध्या भागात खाऊन टाकली होती. प्रत्येक पानावर साहित्य शिल्लक होते आणि कृती गेली होती. मी ती वही मांडीवर घेऊन बराच वेळ ओटीवर बसून राहिले. शेजारच्या काकी आल्या, त्यांनी वही पाहिली, कपाट पाहिले आणि म्हणाल्या, "वहिनी, इथे भिंतीला लाकूड कधी टेकवायचं नाही. मागे हात फिरेल एवढी जागा ठेवायची." त्या दिवशी आम्ही घरातले सगळे सामान भिंतींपासून वीतभर पुढे ओढले आणि वाशांना व दारांच्या चौकटींना डिंबेल लावायला घेतले. काजूच्या टरफलातून निघणारे हे काळपट तेल वाळवीला लाकडापासून दूर ठेवते. मात्र हाताला लागले तर कातडी भाजल्यासारखी सोलून निघते, म्हणून आधी हातांना भरपूर खोबरेल चोपडून, वर फडके गुंडाळून मगच कुंचला धरावा लागतो. त्या वहीची उरलेली पाने मी आजही वापरते. साहित्य वाचले की कृती पुष्कळदा आपोआप आठवते, आणि जिथे आठवत नाही तिथे मी माझी लिहून ठेवते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसू लागला. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मग पाणी कसे आटते, असे मला डोंबिवलीच्या मैत्रिणी विचारीत. जांभा सच्छिद्र असतो, जमीन उताराची आहे, आणि चार महिन्यांत कोसळलेले पाणी तितक्याच घाईने ओहोळांतून समुद्राकडे निघून जाते. पंपाने गाळ ओढायला सुरुवात केल्यावर आम्ही तो बंद ठेवला आणि पहाटे, रात्रभरात झऱ्यांनी भरून आलेले पाणी रहाटाने काढू लागलो. चौदा कळश्या निघत. पहिल्या दोन पिण्याच्या, पुढच्या स्वयंपाकाच्या, मग अंघोळीच्या, आणि भांडी विसळलेले पाणी केळींना. दिवसाची आखणी कळश्यांवर होऊ लागली आणि ती आखणी मला त्रासाची न वाटता आधाराची वाटू लागली, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

मग ३ जून आला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या बाजूला धडकले आणि दक्षिणेकडे दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपले. वाऱ्याचा जोर वाढला तेव्हा आम्ही ओटीवर खिडक्या बांधत होतो. आधी सगळी कौले एकदम खुळखुळली, कपाटातली बशांची चवड हलावी तशी. मग पश्चिमेच्या पाख्यावरचे एक कौल उठले, आणि एकदा एक गेल्यावर वारा आत शिरून बाकीची खालून उचलू लागला. आम्ही माजघरात गेलो. चारही बाजूंना खोल्या असल्यामुळे माजघराला बाहेरची एकही भिंत नाही, आणि वर जाड फळ्यांचा माळा आहे. ज्यांनी हे घर बांधले त्यांनी बाळंतीण, धान्य आणि देव याच जागी का ठेवले, ते त्या दुपारी मला कळले. छपरावरची कौले माळ्यावर आदळत होती आणि खाली आम्ही दोघे, काकी आणि त्यांचा नातू, देव्हाऱ्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. काकींच्या घराचे पत्रे पहिल्या तासाभरातच उडाले होते. वारा ओसरल्यावर दार उघडले तर अंगणात उजेड नको इतका झाला होता, कारण सावली देणारा आंबा आडवा झाला होता आणि अकरा सुपाऱ्यांपैकी दोन उरल्या होत्या.

त्यापुढचे सव्वीस दिवस आमच्या वाडीत वीज नव्हती. गावकऱ्यांनी कोयते-कुऱ्हाडी घेऊन दोन दिवसांत रस्ता मोकळा केला. पालापाचोळ्याने भरलेली विहीर उपसली आणि ग्रामपंचायतीकडून आलेली, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर तिच्यात टाकली. सुमारे दोन हजार कौलांपैकी साडेसातशे धड निघाली. ती गोळा करताना काहींच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का दिसला. जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून गलबतांनी ही लाल कौले सगळ्या किनाऱ्यावर पोचली. एवढ्या वाऱ्यात अंगणात पडूनही शाबूत राहिलेले ते कौल हातात धरल्यावर नवी पत्र्याची शेड घालण्याचा विचार मी मनातून काढून टाकला. पण कौले हवीत म्हणून मिळत नव्हती. साऱ्या तालुक्याची छपरे एकाच दिवशी उघडी पडली होती, आणि टाळेबंदीमुळे मालही येत नव्हता, माणसेही येत नव्हती. मृगाचा पाऊस दारात उभा होता. आम्ही होती तेवढी कौले माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यावर बसवून घेतली आणि उरलेल्या घरावर निळी ताडपत्री ओढून तिच्या कडा चिऱ्यांनी दाबल्या.

परत जावेसे वाटले का, याचे उत्तर इथे येते. वाटले. जुलैत एका रात्री ताडपत्री फाटली आणि पलंगासकट सगळी खोली भिजली, तेव्हा यजमान म्हणाले, "पुरे झालं, जाऊ या." राहिलो याचे पहिले कारण धैर्य नव्हे, डोंबिवलीची जागा भाड्याने दिलेली होती आणि त्या दिवसांत शहराकडे जाण्यात शहाणपण नव्हते. दुसरे कारण असे की त्याच सकाळी, स्वतःच्या डोक्यावर धड छप्पर नसताना, काकींनी कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी पाठवली होती, आणि रिकामे भांडे परत पाठवायचे नाही या रीतीप्रमाणे त्यात काय घालावे याचा मी विचार करीत होते. ज्या घरी आपले भांडे आणि ज्याचे भांडे आपल्या घरी, तिथून उठून जाणे सोपे नसते.

जून ते ऑक्टोबर आम्ही माजघरातच राहिलो. त्या एका खोलीत घर खऱ्या अर्थाने लागले असे मी म्हणेन, कारण भिजण्याच्या भीतीने आत काय आणायचे ते रोज ठरवावे लागे आणि जे आत आले तेच आज आमच्या संसाराचा गाभा आहे: दोन गाद्या, जस्ताचे पिंप, तांदळाची कणगी, देव, आईची वही, औषधांचा डबा, रेडिओ. चुलीच्या वर वलणी बांधली आणि कपडे धुरावर वाळू लागले. धुराचा वास लागलेला टॉवेल मला पहिले काही दिवस सहन होत नसे. आता पावसाळ्यात तो वास आला नाही तर कपडे ओलसर आहेत अशी शंका येते. मीठ प्लास्टिकच्या डब्यात पाझरते आणि चिनी मातीच्या बरणीत टिकते, मसाला बरणीत दाबून वर हिंगाचा खडा ठेवायचा, काड्यापेटी चुलीच्या कोनाड्यातच ठेवायची, पुस्तके आठवड्यातून एकदा उघडून शेकाजवळ धरायची. हे सगळे मी त्या चार महिन्यांत, बहुतेक वेळा वस्तू एकदा नासल्यावर शिकले.

ऑक्टोबरनंतर छपराचे काम निघाले. गवंडीदादांनी आधी वासे ठोकून पाहिले, सडलेले काढले, आणि रिपा, म्हणजे कौले टेकतात त्या लाकडी पट्ट्या, मारताना जुनी आणि नवी कौले शेजारी ठेवून त्यांच्यातले अंतर ठरवले, कारण दोन कारखान्यांच्या कौलांची खाच एकसारखी बसेलच असे नसते आणि तिथूनच पुढे गळती सुरू होते. आढ्यावरची कोन्यांची कौले चुन्या-सिमेंटात बसवली. माजघरावर एक काचेचे कौल मी मुद्दाम घालून घेतले. त्या खोलीत दिवसाही दिवा लागे. आता सकाळी साधारण दहाला उजेडाचा एक चौकोन देव्हाऱ्याजवळ उतरतो आणि दुपारपर्यंत जात्यापर्यंत सरकतो.

एक चूक मात्र पूर्णपणे आमची होती. येताना घर नवे दिसावे म्हणून आम्ही आतल्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर चकचकीत रंग दिला होता. चिरा पाणी शोषतो आणि वारा लागला की सोडतो. गिलाव्याने तोंड बंद केल्यावर ते पाणी भिंतीतच राहिले आणि रंगाला फोड येऊन पांढरी खारटाण बाहेर पडू लागली. दोन पावसाळे पुसापुशी केल्यावर आम्ही पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा सोलून काढला आणि साधा चुना दिला. ती भिंत आजही पावसात गडद होते आणि दिवाळीपर्यंत उजळते. बाकीच्या भिंती हात मोकळा होईल तशा एकेक करून करायच्या आहेत.

आता घर लागल्याची खूण पटली तो दिवस सांगते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. या खेपेस आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, तयारी आमची आधीच झालेली होती: सरपण पडवीत, तांदूळ-डाळी कणग्यांत, आमसुले वाळवून बरणीत, पंप उचलून माळ्यावर, नारळाच्या सैल झावळ्या उतरवलेल्या. दिवे गेले तेव्हा काळोख दाट होता आणि स्वयंपाकघराच्या वर एक कौल सरकल्याचा आवाज झाला. मी उठले, अंधारातच मांडणीपाशी गेले, दुसऱ्या फळीवरचे मोठे पातेले उचलले आणि धार पडत होती त्याच्या बरोबर खाली ठेवले. विजेरी शोधावी असे माझ्या मनातही आले नाही. यजमान तोवर माजघरात गाद्या घेऊन गेले होते आणि काकी नातवाला घेऊन मागच्या दाराने आत येत होत्या. दाराची कडी त्यांनी बाहेरून, वरच्या फटीतून हात घालून काढली होती, जशी या घरातली माणसे काढतात. आम्ही कोणी कोणाला काही सांगितले नाही.

सकाळी पाहिले तर तीस-बत्तीस कौले गेली होती. पडवीच्या कोपऱ्यात, भिंतीपासून हात फिरेल एवढे अंतर सोडून, पन्नास कौलांची चवड रचून ठेवलेली होती. यजमान शिडी घेऊन वर चढले, मी खालून एकेक कौल देत गेले, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत छप्पर झाकून झाले. दुपारी काकींचे भांडे परत करायला गेले तेव्हा त्यात फणसाचे गरे घातले होते.