जन्मस्थळ : ठाणे

समोरच्या काकांनी सहज विचारलं होतं. रात्रीची जेवणं आटोपली होती, बाहेर जुलैचा पाऊस लागून राहिला होता, आणि आमच्या नौपाड्याच्या घरात स्टीलच्या डब्याला फोन टेकवून माझा मुलगा आणि बाबा इटलीत चाललेला रग्बीचा सामना बघत होते. काका बडीशेप चघळत म्हणाले, "काय रे, मोठा झालास की आपल्याकडून खेळणार की त्यांच्याकडून?"

आयर्लंडमध्ये कॉर्कला परत येऊन दोन आठवडे झाले, तरी तो 'त्यांच्याकडून' कानातून जात नाही. म्हणून आज लिहायला बसले.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. जन्म इथलाच, कॉर्कचा, २०१० सालचा. सहा वर्षांचा असल्यापासून क्लबात रग्बी खेळतो. त्याने फोनवरची नजर न काढता उत्तर दिलं, "दोन्हीकडून चालतं काका. आई ठाण्यात जन्मली ना."

बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी गेली वीस वर्षं दर फेरीला त्यांच्यासाठी काही ना काही घेऊन जाते, पण कुठलीही वस्तू हातात घेताना त्यांचा चेहरा असा झालेला मला आठवत नाही.

नियम मलाही माहीत नव्हता. काका गेल्यावर मुलाने तो मला वाचून दाखवला. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या नियमावलीत आठव्या क्रमांकाचा नियम आहे, कोण कुठल्या देशाकडून खेळू शकतो ते सांगणारा. खेळाडू जिथे जन्मला तो देश चालतो. आई किंवा वडील जिथे जन्मले तो चालतो. आजी-आजोबांपैकी एक जण जिथे जन्मला तोही चालतो. नाहीतर सलग पाच वर्षं जिथे राहिलात तो देश. ही मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, २०२१ च्या अखेरीला पाच केली. तुकड्यातुकड्याने राहिला असाल तर एकूण दहा वर्षं भरली पाहिजेत. पासपोर्ट कुठला आहे हे त्या यादीत कुठेच विचारलेलं नाही.

मला हे वाचून भरून आलं, ते का हे परदेशात मुलं वाढवणाऱ्यांना सांगायला नको. वीस वर्षं आम्ही प्रत्येक खिडकीवर फक्त पासपोर्ट दाखवत आलो आहोत. इथे एक खेळ विचारतोय की तुझी आई कुठे जन्मली, तुझे आजोबा कुठे जन्मले. आजोबांचं गाव नातवाच्या कामी येतं असा नियम कुणीतरी बसून लिहिलाय. आपल्याकडे लग्न ठरवताना मूळ गाव कुठलं हे पहिल्यांदा विचारतात, तसंच वाटलं मला.

त्यात अजून एक गोष्ट आहे. काही देश आपल्या वीस वर्षांखालच्या संघाला मुख्य संघाखालचा अधिकृत दुसरा संघ ठरवायचे. मग एकोणीस वर्षांचा मुलगा त्या संघातून एकदा खेळला की आयुष्यभरासाठी त्या देशाला बांधला जायचा. १ जानेवारी २०१८ पासून ते बंद झालं. म्हणजे आमचा मुलगा उद्या आयर्लंडच्या वीस वर्षांखालच्या संघातून खेळला, तरी जागतिक नियमाने त्याला मोठेपणी भारताची जर्सी घालता येईल. एकोणिसाव्या वर्षी केलेल्या निवडीने जन्माचा सोक्षमोक्ष लागू नये, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मी सव्विसाव्या वर्षी घर सोडलं, तेव्हा मला तरी कुठे कळत होतं की मी काय काय निवडते आहे.

आम्ही बघत होतो ती वीस वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा. २००८ मध्ये वेल्सला सुरू झाली. यंदा, २०२५ मध्ये, उत्तर इटलीत बारा देश होते, प्रत्येकाचा तीस जणांचा चमू, सगळे १ जानेवारी २००५ नंतर जन्मलेले. आशियातला एकही संघ नव्हता. जपान २०२३ मध्ये शेवटचा आला आणि खालच्या गटात गेला. भारत त्या पंगतीला आजवर बसलेलाच नाही.

आता त्या चमूच्या यादीबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण इथल्या ज्या थोड्या गोष्टींचा मला मनापासून हेवा वाटतो, त्यातली ही एक आहे. आयर्लंडचा संघ जाहीर होतो तेव्हा खेळाडूच्या नावापुढे त्याचा क्लब छापलेला असतो, आणि त्यापुढे प्रांत. मंस्टर, लेन्स्टर, अल्स्टर, कॉनाख्ट हे चार प्रांत मोठे, पैसेवाले. पण त्यांच्या आधी क्लबाचं नाव येतं. कॉर्क कॉन्स्टिट्यूशन, डॉल्फिन, गॅरीओवेन, यंग मंस्टर. या क्लबांची मैदानं मी पाहिली आहेत. बाजूला एक बैठी इमारत, आत चहाची किटली, भिंतीवर जुन्या संघांचे काळेपांढरे फोटो, आणि शनिवारी सकाळी सहा वर्षांच्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधून देणारे कुणाचे तरी बाबा. ते पैसे घेत नाहीत. माझ्या मुलाला पडायचं कसं हे ज्यांनी शिकवलं, ते गृहस्थ आठवडाभर प्लंबिंगची कामं करतात. त्या मैदानावरचा एखादा मुलगा देशाच्या चमूत गेला, की त्याच्या नावाशेजारी हे सगळं दोन शब्दांत छापून येतं. यादी आली की क्लबाच्या ग्रुपवर ती फिरते, आणि लोक मुलाच्या नावाआधी क्लबाच्या नावावर बोट ठेवतात. माझ्या शेजारीणबाई तर गेल्या वर्षी ती यादी छापून फ्रिजवर चिकटवून बसल्या होत्या. त्यांच्या घरातलं कुणीही त्यात नव्हतं.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या वेळी पेपरात 'ठाण्याच्या मंडळाचा' एवढं तरी यायचं."

बाबा कबड्डी खेळायचे, साठ-सत्तरच्या दशकात, मातीवर. त्यांच्या मंडळाचं पटांगण आज नाही, तिथे इमारत उभी आहे. पण इथे मला आपल्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण हेव्याच्या भरात मी अन्याय करीन. गणवेशाचा खर्च स्वतःच्या पगारातून करणारे, पोरांना रात्री नऊ वाजता सराव देऊन घरी सोडणारे लोक ठाण्यात तेव्हाही होते, आजही आहेत. कबड्डीतला एकेक गडी अशाच लोकांनी घडवला. आयर्लंडचा तो प्लंबर आणि आमच्या मंडळाचे भाऊ यांच्यात मला काडीचा फरक दिसत नाही. फरक इतकाच की प्लंबरच्या क्लबाचं नाव देशाच्या यादीत छापलं जातं, आणि भाऊंचं नाव वर्गणीच्या वहीत राहिलं.

रग्बी बघताना बाबांना काही समजावून सांगावं लागलं नाही, याचं मुलाला फार नवल वाटलं. चेंडू पुढे फेकायचा नाही एवढं कळल्यावर ते थेट पकडींवर आले. "ही कंबर पकड झाली. हा मागून आला असता तर घोटा मिळाला असता." इथे क्लबाच्या खेळात २०२३ पासून छातीच्या हाडाच्या वर पकड करायची नाही असा नियम लावून बघताहेत, डोक्याला इजा होऊ नये म्हणून. मुलाने तो सांगितला तर बाबा म्हणाले, "बरोबर आहे. वरून धरतो त्याला धरताच येत नसतं." दुसऱ्या दिवशी जाजम बाजूला सारून दोघं हॉलमध्ये घोटा पकडीचा सराव करत होते. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, आणि मला त्यांना थांबवायचं नव्हतं.

काका मात्र दुसऱ्या रात्री पुन्हा म्हणाले, "हा साहेबाचा खेळ. आपला काय संबंध?" तेव्हा मला राहवलं नाही. इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी ज्या कपासाठी खेळतात त्याचं नावच कलकत्ता कप आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद करायची वेळ आली, तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे रुपये काढून, वितळवून तो घडवला. दांड्यांच्या जागी नाग, झाकणावर हत्ती. १८७९ पासून ते त्यासाठी झुंजताहेत. म्हटलं, काका, ती चांदी आपल्या रुपयांची आहे. आणि आजही मुंबईत जिमखान्यावर रग्बी चालतोच की. जूनमध्ये अंधेरीला सहा संघांची रग्बी लीग झाली, ऑगस्टमध्ये बिहारमध्ये राजगीरला आशियातल्या वीस वर्षांखालच्या मुलामुलींची सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीची, स्पर्धा होणार होती. जगातली पोरं खेळायला आपल्या अंगणात येतात हे ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाला तरी मी सांगायला नको. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या फुटबॉलच्या विश्वचषकाचे सामने नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले, तेव्हा माझा भाऊ भाच्याला घेऊन गेला होता. भारताचे सामने दिल्लीला होते. नेरुळला न्यूझीलंड आणि तुर्कस्तान. तरी हे दोघं ट्रान्स-हार्बरने गेले आणि घसा बसेपर्यंत ओरडून आले.

काका गप्प झाले. पण त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मी दिलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

जागतिक नियमाने मुलगा भारताकडून खेळू शकतो. भारताच्या नियमाने नाही. २००८ पासून सरकारचं धोरण आहे की देशाच्या संघात भारतीय पासपोर्टवालाच हवा. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड चालत नाही. माझ्या मुलाकडे आयरिश पासपोर्ट आहे आणि ओसीआय कार्ड आहे. हे मी एका रात्री गॅलरीत बाबांना सांगितलं. मुलालाही तेव्हाच पहिल्यांदा कळलं. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे आजोबांकडचं चालत नाही?"

बारा वर्षांचा होईपर्यंत त्याचा पासपोर्ट भारताचाच होता. जन्माने त्याला इथला हक्क होता तरी आम्ही मुद्दाम तसा ठेवला होता. मग क्लबाच्या पोरांची फ्रान्सची सहल ठरली. युरोपात एकाच व्हिसावर फिरता येतं त्या शेंगेन देशांत आयर्लंड नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर फ्रान्सला जायचं तर व्हिसा. मी सहा आठवडे रोज पहाटे उठून व्हिसा केंद्राची तारीख शोधत होते, मिळाली नाही. संघातली बाकी सगळी मुलं बॅगा भरत होती. एका संध्याकाळी नवऱ्याने आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून त्याच्या आयरिश पासपोर्टचा अर्ज भरला. तो सहलीला गेला. मी अजूनही म्हणेन की आम्ही चुकलो नाही. बारा वर्षांच्या मुलाला, तुझ्या आईबापाचं मन हळवं आहे म्हणून तू घरी राहा, असं मी सांगू शकले नसते. आमचे दोघांचे पासपोर्ट आजही भारताचे आहेत. हे सगळं मी बाबांना त्या रात्री सांगितलं, आणि आता तुम्हालाही सांगते आहे. सांगताना प्रत्येक वेळी माझा आवाज थोडा वर जातो.

सरकारचा नियम मला अन्यायाचा वाटतो का? इथे बसून तसं म्हणणं मला सोपं आहे. ओडिशा-बिहारच्या ज्या पोरी अनवाणी सराव करून संघात आल्या, त्यांची जागा परदेशात दूध-लोणी खाऊन वाढलेल्या मुलामुलींनी घ्यावी का, हा प्रश्न खरा आहे. पण मुलाचा तो प्रश्नही खराच आहे, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

इटलीतल्या त्या स्पर्धेचा अंतिम सामना १९ जुलैला रोव्हिगोला झाला. ठाण्यात मध्यरात्र उलटून गेली होती. दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला २३-१५ हरवलं, २०१२ नंतर पहिल्यांदा जिंकले. बाबा शेवटपर्यंत जागे होते. ती पोरं मैदानावर एकमेकांच्या गळ्यात पडून रडत असताना ते उठले आणि कपाटातून फाइल घेऊन आले. माझा जन्मदाखला त्यांना मुलाला दाखवायचा होता. १९७९ सालचा, ठाण्यात महानगरपालिका व्हायच्या आधीचा, नगरपालिकेचा. घडीवर फाटलेला, शाई फिकी. जन्मस्थळ ठाणे. वडिलांचं नाव, आईचं नाव, लिंग स्त्री.

मुलाने तो दिव्याखाली धरून दोनदा वाचला. "आई, यात तुझं नावच नाही."

तेव्हाचे दाखले तसेच असत. बारसं व्हायच्या आत नोंद व्हायची, नाव नंतर कुणी घालत नसे. इतकी वर्षं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळं भागलं. बाबा म्हणाले, "घालून घेतो." मी म्हटलं, आता कशाला, उपयोग काय त्याचा? त्यांनी फाइल बंद केली आणि दिवा मालवला.

आम्ही निघालो तेव्हा पाऊस जोरात होता. परवा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. दोन खेपा कराव्या लागल्या, असं खाली लिहिलं होतं. नवा दाखला, वर शिक्का, नावाच्या रकान्यात माझं माहेरचं नाव. कडेने लॅमिनेशनचा प्लास्टिक दिसत होता. फोटो त्यांनी मला पाठवला नव्हता, नातवाला पाठवला होता.