माझा अनुभव: हिवाळ्यासाठी अँब्युलन्स तयार, पण सिलिंडर भरून मिळेनात

१ डिसेंबर २०२५. ऑक्सिजनचे सहा सिलिंडर भरायला पाठवले आणि सहाही रिकामेच परत आले. टेम्पोवाल्याच्या हातातल्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते, ‘टेस्ट संपली’. चैत्यभूमीची गर्दी पाच दिवसांवर होती. आमच्या संस्थेच्या दोन गाड्यांना मिळून सिलिंडर आठ, त्यांतले भरलेले उरले दोन.

बाकी सगळं व्यवस्थित झालं होतं. फिटनेस झालं, विमा होता, पीयूसी होतं. अँब्युलन्सला परमिट लागत नाही, पण फिटनेस लागतंच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी करायचं आणि त्यानंतर दरवर्षी. यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेल्या ठशापाशी (त्यात सिरियल नंबर, वजन आणि चाचणीचा महिना-वर्ष असतं), आणि तब्बल एकोणीस दिवस अडून राहिलं.

लोखंडी ऑक्सिजन सिलिंडरची दर पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, करावी लागते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण ही पाच वर्षं बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, ठशावरच्या महिन्यापासून मोजतात. आमचे सिलिंडर २०२१ च्या एप्रिलमधले, दुसऱ्या लाटेत एका देणगीदाराने दिलेले. म्हणून वहीत ‘एप्रिल २०२६’ लिहून आम्ही निर्धास्त होतो. ठसा मात्र ११-२० चा निघाला. कारखान्यातली चाचणी नोव्हेंबर २०२० मध्ये झालेली, म्हणजे मुदत नोव्हेंबर २०२५ लाच संपली. त्या लाटेत मुंबईतल्या कितीतरी मंडळांनी आणि ट्रस्टनी सिलिंडर घेतले. ते सगळे २०२५-२६ मध्ये एकदम टेस्टला येणार आणि रांग लागणार. तुमचे त्या काळातले असतील तर आजच ठसा वाचा. वही बघून काही कळणार नाही.

भरणाऱ्याचा दोष नाही. मुदत टळलेलं सिलिंडर भरायला त्याला कायद्याने मनाई आहे. ऑक्टोबरमध्ये भरताना त्याच्या माणसाने ‘साहेब, पुढच्या महिन्यात संपतंय’ एवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ही कुरकुर मात्र आहेच.

खरा वैताग पुढे, चाचणी केंद्रात. ४ तारखेला सिलिंडर दिले. काउंटरवर अर्ज घेतला, पावती दिली, ठसा कुणी वाचला नाही. पाच दिवसांनी फोन आला, ‘नंबर जुळत नाही, माल घेऊन जा.’ जाऊन पाहिलं तर चूक आमचीच. गाड्या चकचकीत दिसाव्यात म्हणून गणपतीच्या आधी सिलिंडरवर जाड रंग मारला होता, काळं अंग आणि पांढरा खांदा अगदी नियमाप्रमाणे. तो रंग ठशात भरला आणि सिरियल नंबरातला ३ हा ८ वाचला गेला. तरी हे पहिल्या दिवशी पाच मिनिटांत दिसलं असतं. रंग काढायला आग किंवा ग्राइंडर वापरू नका, उष्णतेने सिलिंडर बाद होऊ शकतं आणि घासताना ठसाच पुसला जातो. रिमूव्हर लावायचं, हाताने तारेचा ब्रश फिरवायचा आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आडवा पाडून आकडे वाचायचे. फोटो तेव्हाच काढून ठेवा.

मग कागद. केंद्राने खरेदीचं बिल आणि निर्मात्याचं मूळ चाचणी प्रमाणपत्र मागितलं. बिल देणगीदाराच्या नावावर होतं आणि प्रमाणपत्र कुणी पाहिलेलंच नव्हतं. देणगीदाराकडून ‘अमुक नंबरचे सिलिंडर या संस्थेला दिले’ असं पत्र घेतलं. निर्मात्याला सिरियल नंबरांची यादी मेल केली, तेव्हा दुय्यम प्रत आली. दान घेतानाच ही दोन्ही कागदपत्रं मागा. त्या धामधुमीत आम्ही हार घालून फोटो काढले, कागद घेतले नाहीत.

चाचणीचं काम मुळात लांबलचक नाही. व्हॉल्व्ह काढून आतून-बाहेरून तपासतात आणि वजन करतात. ठशावरच्या रिकाम्या वजनापेक्षा ते पाच टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर सिलिंडर बाद. मग पाण्याने भरून दाब देतात. चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाबाचं सिलिंडर असेल तर २५० किलोपर्यंत, आणि दाब सोडल्यावर ते कितपत फुगलेलं राहिलं हे मोजतात. पास झालं की वाळवून, व्हॉल्व्ह बसवून नवा ठसा मारतात. आमचं एक बाद झालं, आतून गंजलेलं. कारण आमच्याच सवयीत होतं, सिलिंडर शून्यावर येईपर्यंत वापरायचं आणि व्हॉल्व्ह उघडा टाकायचा. मुंबईची दमट हवा आत शिरते आणि बाकीचं काम तीच करते. चार-पाच किलो दाब आत ठेवूनच व्हॉल्व्ह बंद करा. आणि ओल्या फरशीवर उभं करू नका, खाली फळी घाला. बूड आधी गंजतं.

या एकोणीस दिवसांत प्रत्येक गाडीत आमचं स्वतःचं एकच सिलिंडर होतं. ते का पुरत नाही याचा हिशेब असा. बी टाइप सिलिंडर दहा लिटरचं. काटा १५० वर असेल तर आत १,५०० लिटर ऑक्सिजन. २० किलो राखीव सोडले तर हाती १,३०० लिटर, म्हणजे मिनिटाला १० लिटरने १३० मिनिटं. संध्याकाळी भांडुपहून परळला दीड तास धरा, ते ९०० लिटर. कॅज्युअल्टीच्या दारात वीस मिनिटं थांबावं लागलं तर आणखी २००. एका फेरीत सिलिंडर जवळजवळ संपतं. शेवटी भरणाऱ्याकडूनच अनामत देऊन चार सिलिंडर भाड्याने आणले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्यांचे नोझल मात्र बुल-नोजचे (आट्यांनी जोडायचे) निघाले आणि आमचे रेग्युलेटर पिन इंडेक्सचे (दोन पिना भोकांत बसवायचे), म्हणजे एकमेकांवर बसेनात. रेग्युलेटरही भाड्याने. सिलिंडर उचलण्याआधी तोंड बघा, आणि पिन इंडेक्सचे सील-वायसर चार-सहा जास्तीचे ठेवा. एक वायसर फाटला की सगळं सिलिंडर निकामी. गळती थांबवायला तेल, ग्रीस किंवा टेफ्लॉनचे जुगाड अजिबात नकोत. ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल पेट घेतं.

आमचा नियम: काटा ७० च्या खाली आला की गाडी निघण्याआधीच सिलिंडर बदलायचं. काटा वाचायचा तो व्हॉल्व्ह उघडून, तोही हळू. बंद व्हॉल्व्हवर रेग्युलेटरमध्ये अडकलेला जुना दाबच दिसतो आणि रिकामं सिलिंडर भरलेलं वाटतं.

हिवाळ्याची एवढी धावपळ कशाला, असं विचारणारे भेटतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंश नोंदले गेले होते, पण मुंबईत प्रश्न थंडीचा नाहीच. डिसेंबर-जानेवारीत वारा पडतो, बांधकामाची धूळ आणि धूर पहाटे जमिनीलगत साचतात आणि दम्याचे, सीओपीडीचे (श्वसनमार्गाच्या जुनाट आजाराचे) फोन सुरू होतात. १०८ ची गाडी दुसऱ्या कॉलवर असली की ते आमच्यासारख्यांकडे वळतात. इथे एक गोष्ट अटेंडंटला पुन्हा शिकवावी लागते. सीओपीडीच्या रुग्णाला सरसकट १५ लिटर लावायचे नाहीत. ऑक्सिजनचं प्रमाण ठराविक ठेवणारा व्हेंच्युरी मास्क लावून सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचं, आणि डॉक्टर फोनवर असतील तर त्यांना विचारूनच. म्हणून व्हेंच्युरीचे २४ आणि २८ टक्क्यांचे रंगीत अडॅप्टर प्रत्येक गाडीत हवेत. नेब्युलायझर ऑक्सिजनवर चालवलं तर मिनिटाला ६ ते ८ लिटर जातात. शक्यतो कॉम्प्रेसरचं वापरा, त्यासाठी गाडीतला इन्व्हर्टर आधी भार देऊन तपासा. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीचं झाकण तडकलेलं असेल तर फ्लोमीटरचा गोळा १० दाखवतो आणि रुग्णापर्यंत निम्माच पोचतो. बाटलीतलं पाणी रोज बदला. घशातला स्राव ओढणाऱ्या सक्शनची बॅटरी, एईडीचे (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड, नेब्युलायझरमध्ये घालायच्या साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमच्या रेस्प्यूल, सगळ्यांच्या मुदती एकाच कागदावर दाराच्या आत चिकटवा.

रस्त्यांचंही लिहायचं राहिलं. त्या हिवाळ्यात शीवचा पूल ऑगस्ट २०२४ पासून बंद होता, प्रभादेवीचा सप्टेंबर २०२५ पासून. वरळी-प्रभादेवीकडून केईएम किंवा टाटाला जाताना टिळक पूल नाहीतर करी रोड धरावा लागायचा. ६ डिसेंबरला दादरकडे वळायचंच नाही. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतले बंद रस्ते आदल्या रात्रीच चालकाला लिहून द्या.

पाच सिलिंडर २० तारखेला परत आले. प्रमाणपत्रावर सिरियल नंबर, चाचणीचा दाब, वजन आणि पुढची तारीख केंद्रातच उभं राहून ठशाशी ताडून पाहिली, आणि एकाचा नंबर पुन्हा चुकलेला होता. दुरुस्त करून घेतल्याशिवाय हललो नाही. गाडीत राहिलेल्या त्या दोन सिलिंडरवर ०२-२१ आहे. ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच टेस्टला पाठवले, रंग खरवडून.